सणाची गाणी आता कुणी लावायची?

सण जवळ आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "आई-बाबा गेले. त्यांची सणाची गाणी लावू की नको? लावली तर रडू आवरत नाही, नाही लावली तर घर खायला उठतं."

पंचेचाळिशीच्या एक बाई हेच घेऊन आल्या (ओळख पटेल असे तपशील बदललेत). आधी वडील गेले, मग दीड वर्षात आई. सणाच्या पहाटे वडील स्वतः भरलेली एक कॅसेट लावायचे. "तीच गाणी आता फोनवर आहेत, पण बोट पुढे जात नाही. तीन सण मुकेच गेले."

पहिल्या काही भेटी आम्ही दुःखाभोवतीच फिरत होतो. मग एकदा मी विचारलं, "गाणं सुरू व्हायचं तेव्हा तुम्ही कुठे असायचात?"

"अंथरुणात. डोक्यावरून पांघरूण. ओरडायचे, बाबा, आवाज कमी करा ना!" त्या हसल्या आणि एकदम थांबल्या. बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, मला गाणं ऐकायचंच नाहीये. कुणीतरी लावलेलं गाणं ऐकायचंय."

मी गप्प राहिले. इतक्या वर्षांत इतकं नेमकं वाक्य क्वचितच ऐकलंय. गाणी लावणाऱ्याची जागा घ्यायची म्हणजे आपलं लेकरूपण संपलं हे कबूल करायचं. बोट अडत होतं ते तिथे.

शोक म्हणजे गेलेल्या माणसातून मन सोडवून घेणं, असं मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१७ साली मांडलं. मला ते कधी पुरेसं वाटलं नाही. नातं रूप बदलून चालूच राहतं, हे १९९६ मध्ये शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी मांडलं. माझ्या खोलीत मी रोज तेच पाहते.

म्हणून सांगते, थेट सणाच्या दिवशी सुरुवात करू नका. आधी एखाद्या साध्या संध्याकाळी, सोबत कुणी असताना, एकच गाणं लावा. अर्ध्यात बंद करावंसं वाटलं तर करा. जुनी कॅसेट असेल तर वेळेत डिजिटल करून घ्या, फीत वर्षांगणिक खराब होते. मात्र मधला बटणाचा खटका, मागून आलेली आईची हाक साफ करून घेऊ नका. भावंडांनाही विचारा, त्यांच्या आठवणीतलं गाणं वेगळं निघेल. ज्याला यंदा नकोच असेल, त्याच्या मागे लागू नका. आणि झोप, जेवण, काम महिनोन्महिने बिघडलेलं असेल, तर गाण्यांचं राहू द्या, आधी मदत घ्या.

सणाच्या दिवशी सकाळीच बाईंचा फोन आला. "लावलं मॅडम. लेक आतून ओरडला, आई, आवाज कमी कर!"

"केलात?"

"छे! बाबांनी कधी केला होता?"