पुरातून वाचलेलं जनावर पोळीनं मरू नये

सप्टेंबर 2025 मध्ये सीना नदीचं पाणी करमाळा-माढ्यापासून दक्षिण सोलापूरपर्यंत गावागावांत शिरलं. लांबोटीजवळ पुण्याचा रस्ताच बंद पडला. त्याआधी ऑक्टोबर 2020 मध्ये बंगालच्या उपसागरात उठलेलं कमी दाबाचं क्षेत्र आंध्रचा किनारा ओलांडून थेट आपल्या जिल्ह्यावर आलं होतं. सोलापूरला समुद्र नाही, पण समुद्रातल्या वादळाचा पाऊस आपल्या गोठ्यात येऊन पडतो, हे आता सगळ्यांनी पाहिलंय. दोन्ही वेळी शेकडो तरुण मदतीला धावले. त्यांचे प्रश्न माझ्यासारख्या पशुवैद्याकडे अजून येतात आणि बरेचसे तेच ते असतात. म्हणून या वेळी जागा त्यांनाच दिली आहे.

पाणी चढत असताना जनावरं बांधून ठेवावीत की सोडावीत? वाहून जातील अशी भीती वाटते. (मोहोळ)

सोडा. बांधलेलं जनावर जागेवर बुडतं, सुटलेली म्हैस पोहून उंचवट्याला लागते. दावं कापायला विळा दाराशीच ठेवा.

आमचा दहाजणांचा गट गोठे साफ करायला जाणार आहे. आम्हाला काही आजार होऊ शकतो का? (विद्यार्थिनी, सोलापूर)

होऊ शकतो. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून अंगात शिरतात. गमबूट आणि रबरी हातमोजे घातल्याशिवाय चिखलात उतरू नका. जखम असेल तर त्या दिवशी चहा-नाश्त्याचं काम घ्या, गोठ्याचं नको. परतल्यावर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना आधी सांगा की पुराच्या पाण्यात होतो. ते न सांगितल्यानं निदानाला उशीर होतो. कुणाच्या सांगण्यावरून डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या वाटून घेऊ नका, त्या कुणी घ्यायच्या ते डॉक्टर ठरवतील. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्याआधीच घेऊन ठेवा.

आमच्या सोसायटीनं चारशे पोळ्या, दोन पोती तांदूळ आणि गव्हाचं पीठ जमवलंय. माणसांना पुरून उरलं ते उपाशी जनावरांना घालावं म्हणतो. कसं घालावं? (जुळे सोलापूर)

घालू नका. माझी हात जोडून विनंती आहे.

माढ्याकडच्या एका वस्तीवरची गोष्ट सांगतो. चार म्हशी दोन दिवस छातीभर पाण्यात उभ्या राहून वाचल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मदतीची गाडी आली. पोरं चांगल्या घरची, मनानं मोठी. त्यांनी पोळ्या आणि ज्वारीचा भरडा गव्हाणीत ओतला. उपाशी म्हशींनी दहा मिनिटांत फस्त केला. मी पोचलो तेव्हा दोन म्हशी आडव्या होत्या. त्या उठल्या नाहीत. मालक मला विचारत होता, "डॉक्टर, पाण्यानं नाही मारलं, मग हे कशानं?" त्या पोरांसमोर उत्तर द्यायला माझी जीभ रेटेना.

हे का होतं ते समजून घ्या. मोठ्या म्हशीच्या पहिल्या पोटात शंभर लिटरच्या आसपास माल मावतो आणि तिथं कोट्यवधी जिवाणू कडबा-गवत कुजवून तिला पोसतात. त्यांची सवय चाऱ्याची असते. दोन-तीन दिवस उपास पडला की त्यातले बरेच मरतात. अशा पोटात एकदम पीठ, भात, पोळी, गूळ पडला की आंबवणारे दुसरेच जिवाणू माजतात आणि पोटात लॅक्टिक आम्ल तयार होतं. पोट थांबतं, आम्ल रक्तात उतरतं. जनावर रवंथ सोडतं, दात खातं, आंबूस वासाचं पातळ शेण टाकतं, झोकांड्या खातं, खाली बसतं. एक-दोन दिवसांत खेळ संपतो. शेळ्यामेंढ्यांत याच खाण्यानं आंत्रविषार, म्हणजे आतड्यात विष तयार होण्याचा आजारही उठतो, तिथं तर संध्याकाळी चरणारी शेळी सकाळी मेलेली सापडते.

मग द्यायचं काय? आधी स्वच्छ पाणी, थोडं थोडं. मग कोरडा कडबा किंवा सुकं गवत, तेही एका वेळी पेंढी-दोन पेंढ्या. हिरवा चारा आणि उसाचं वाढं दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून, कडब्यात मिसळून. पेंड आणि खुराक आठवड्यानं, हळूहळू वाढवत. पोळ्यांच्या पैशांत कडबा घ्या. मंगळवेढ्याकडे ज्वारीचा कडबा मिळतो, आपली जनावरं तोच खात वाढलीत.

आणि चुकून कुणी पीठ घातलंच, तर खाण्याचा सोडा बाटलीनं घशात ओतू नका. खाली बसलेल्या जनावराला पाजलेलं औषध फुप्फुसात जातं आणि ते जनावर गुदमरून मरतं. सोडा किती, कसा द्यायचा ते वजन आणि अवस्था पाहून ठरतं. 1962 ला फोन लावा, फिरतं पशुवैद्यकीय पथक मागवा. "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणू नका.

मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) पिशव्या आल्यात. काहींना वरून बुरशी आहे. ती काढून खालचा घातला तर चालेल? (उत्तर सोलापूर)

नाही. काळ्या पडलेल्या भिजक्या कडब्यालाही हेच उत्तर. बुरशीचं विष वरच्या थराखालीही पसरलेलं असतं, गाभण जनावर गाभडू शकतं.

एका दुकानदारानं गावाला सवलतीत "पूर किट" देऊ केलंय. त्यात शक्तीचं टॉनिक, दोन इंजेक्शनं आणि जंतांची गोळी आहे. वर्गणी काढून घ्यावं का? शिवाय जनावरांना घटसर्पाची लस लगेच टोचावी का? (दक्षिण सोलापूर)

किट घेऊ नका. प्रत्येक जनावराला एकच औषध लागू पडलं असतं तर आम्ही पाच वर्षं शिकलो नसतो. त्यातलं इंजेक्शन कसलं ते लेबल वाचून मला कळवा. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक असेल तर जनावरांसाठी त्यावर 2006 पासून बंदी आहे, कारण ते टोचलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात. तरी माणसांच्या औषधातून ते गोठ्यात येतं. अँटिबायोटिक असेल तर त्याचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध तुमच्याच लेकरांच्या पेल्यात जातं.

घटसर्प, फऱ्या या जनावरांच्या जीवघेण्या आजारांची लस खरी पावसाळ्याआधी द्यायची. आता फक्त निरोगी, खाती-पिती जनावरं टोचून घ्या. तापातल्या, थकलेल्या जनावराला नको. परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. लस 2 ते 8 अंश तापमानात राहिली होती का, हे शिबिरवाल्यांना विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर टोचू देऊ नका. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय कुठलंच शिबिर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेलेल्या जनावरांना दुर्गंधी सुटलीय. पंचनाम्याची वाट पाहावी की पुरावं? (करमाळा)

तलाठी आणि पशुवैद्य, दोघांनाही आजच फोन करा. कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर दिसेल असा फोटो काढा, जागेचाही काढा. 2025 च्या पुरावेळी सरकारी मदतीच्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला 37,500 रुपये, बैलाला 32,000 आणि शेळी-मेंढीला 4,000 रुपये होते. ज्याचं सगळं गेलं त्याला ही रक्कम लागते, ती कागदाअभावी बुडू देऊ नका. खड्डा माणसाहून खोल, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब, वर चुना. नदीत लोटणं हा खालच्या गावावर अन्याय आहे.

नाका-तोंडातून किंवा गुदद्वारातून काळं, न गोठणारं रक्त आलेलं दिसलं तर हात लावू नका, कातडी सोडवू नका, चिरून पाहू नका. तो काळपुळीचा (अँथ्रॅक्स) आजार असू शकतो. तो माणसाला होतो आणि त्याचे जंतू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तिथं पशुवैद्य येईपर्यंत कुत्री आणि माणसं लांब ठेवणं, एवढंच तुमचं काम.

गावातल्या घाबरलेल्या कुत्र्यांना खाऊ घालताना एकजण चावला गेला. आजीबाईंनी हळद-मिरची भरलीय. पुरे ना? (माढा)

नाही! ती धुऊन काढा. साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि आजच सरकारी दवाखान्यात जा. रेबीज झाल्यावर माणूस वाचत नाही.

पूर ओसरून महिना झाला. आमचं काम संपलं का? (विद्यार्थिनी, सोलापूर)

संपलं नाही. साचलेल्या पाण्यातल्या गोगलगाईंमधून चपट्या कृमींची पिल्लं गवतावर येतात आणि पुढच्या काही महिन्यांत शेळ्यामेंढ्या, म्हशी खंगायला लागतात. जबड्याखाली पाण्याची सूज धरते, जुलाब लागतात. लोक त्याला चारा मानवला नाही असं म्हणतात आणि दिवस घालवतात. तुम्ही वस्त्यांवर जाऊन एवढं करा: सकाळचं ताजं शेण स्वच्छ डबीत घ्या, डबीवर मालकाचं नाव आणि बिल्ल्याचा नंबर लिहा आणि त्याच दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात पोचवा. औषध तपासणीनंतर, डॉक्टरांच्या चिठ्ठीनं. आजारी मेंढ्यांचा कळप दिसला तर धनगरबाबांना बरोबरच घेऊन या.