एमबीबीएसची मुलं रक्तस्राव थांबवायला शिकतात आणि विसरतात. काय करावं?

तुम्ही विचारलंय की वर्कशॉप झालं, सर्टिफिकेटं वाटली, आणि सहा महिन्यांनी त्याच मुलांना टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा दांडा असलेला पट्टा, नीट बांधता येत नाही. डॉक्टर मंडळी उत्तरं देतीलच. मी निवृत्त स्टाफ नर्स. गोव्यातल्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत आयुष्य गेलं, कुठल्या ते राहू दे.

विसरणारच हो. अमेरिकेतल्या एका स्टेडियमच्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास २०१८ साली छापून आला. शिकवल्याबरोबर साधारण ८८ टक्क्यांना टुर्निकेट बरोबर जमला, तीन ते नऊ महिन्यांनी तपासलं तर ५५ टक्क्यांच्या आसपास. त्याची प्रिंट मी ड्युटी रूमच्या दारावर लावली होती. एका सरांनी वाचावी म्हणून.

रात्रपाळीला गर्दी ओसरली की मी इंटर्नना पकडायची. गादीवाल्याकडचा जाड स्पंज, त्यात जखमेसारखं खोल भोक, भोकात आयव्ही सेटची नळी, सलाईनच्या बाटलीत लाल रंगाचं पाणी. ग्लोव्ह्जना साबण फासलेला. "गॉज, ही जाळीदार पट्टी, तळापर्यंत कोंब, मग दोन्ही हातांनी दाब. निदान पाच मिनिटं हात काढायचा नाही." सगळ्यांची खोड एकच, थांबलं का ते बघायला गॉज उचलायचा. उचलला की मी बाटली पिळायची. सरांना हे खपलं नाही. "सिस्टर, आता डॉक्टरांना तुम्ही शिकवणार?" शिवाय त्यांचा हेका, टुर्निकेट बांधला की पाय गेलाच.

मग एका पावसाळ्यात सत्तरी तालुक्यातून एकाला पिकअपमध्ये घालून आणलं. उन्मळलेला फणस तोडताना मशीनची करवत गुडघ्याच्या वर मांडीत घुसलेली. गुंडाळलेला पंचा भिजून ठिबकत होता. वर्कशॉप केलेले दोघे इंटर्न गॉजवर गॉज ठेवत होते आणि मधेच उचलून बघत होते. तिसरी डिचोलीची, माझ्या स्पंजावर हात बसलेली. तिने जखमेच्या चार बोटं वर पट्टा घातला, आधी तो हाताने करकचून ओढला आणि मगच दांडा फिरवला. बहुतेकांचं इथेच चुकतं, पट्टा सैल ठेवून नुसता दांडा पिळत बसतात. पेशंट किंचाळायला लागला. "बाय, सैल करू नको, दुखणारच," एवढंच मी म्हटलं. रक्त थांबलं, पावलाची नाडी लागेनाशी झाली, तिने पट्ट्यावर वेळ लिहिली.

सर आले ते "कोणी बांधलं हे?" विचारतच. पाय राहिला. दोन तासांच्या आत टुर्निकेट निघाला तर सहसा राहतोच. सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही, पण पोरीला शाबासकीही दिली नाही.

तर तुमचं. २०१९ पासून एमबीबीएसच्या पहिल्याच महिन्यात, फाउंडेशन कोर्समध्ये प्रथमोपचार शिकवतात. इंटर्नशिप येते साडेचार वर्षांनी. मधे कोणी हात लावायला सांगत नाही, मग टिकणार कशाच्या जोरावर? दर दोन-तीन महिन्यांनी, न सांगता, पाच मिनिटं सराव घ्या. पोस्टिंग बदलताना घेतलं तर वेगळा वेळही काढावा लागत नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्या वर्षाला शिकवायला लावा. मार्क ठेवा, त्याशिवाय कोणी करत नाही. आणि शिकवायला नर्सेस आणि १०८ च्या गाडीवरची माणसं बोलवा. स्लाइड दाखवणाऱ्या सरांनी शेवटचं गॉज कधी भरलं होतं ते आधी विचारा. सगळे सर तसे नसतात, हेही मान्य.

हे मात्र सांगायला हवं की जांघ, काख आणि मान इथे टुर्निकेट चालत नाही, तिथे गॉज भरून दाबायचं. पोटातलं रक्त बाहेरून दाबून थांबत नाही, त्याला ऑपरेशन थिएटरच. आणि साप चावल्यावर काहीही आवळून बांधायचं नाही. आमच्याकडे अजून लोक सुंभ बांधून घेऊन येतात, आणि काही इंटर्नही टुर्निकेट शिकल्यावर तोच प्रश्न विचारतात.

सरावाचे टुर्निकेट वेगळे ठेवा, वापरून वापरून ते निकामी होतात. पेशंटचे ट्रॉलीच्या वरच्या खणात ठेवा, कुलूप न लावता. आमच्याकडे ते कपाटात असायचे आणि किल्ली इन्चार्जच्या पर्समध्ये.