मोडलेली स्प्रिंग आणि घरचा पाना

पावसाळाभर खड्डे खाल्लेल्या गाड्या दसरा-दिवाळीच्या तोंडावर बोलायला लागतात, आणि मग माझ्याकडे एकच विचारणा येते: चाकावरची स्प्रिंग मोडली, घरीच बदलू का? या वेळी तेच प्रश्न एकत्र घेतो.

मिरजेहून: स्टिअरिंग वळवताना पुढून ‘खट्’ आवाज येतो. मेकॅनिक म्हणतो, स्प्रिंगचा खालचा अर्धा वेढा तुटलाय. गाडी मात्र नीट चालते. घरातलं लग्न उरकून बदलली तर चालेल?

नाही. बऱ्याच गाड्यांत ते तुटलेलं टोक टायरपासून जेमतेम दोन बोटं लांब असतं. खड्ड्यात जागेवरून सरकलं तर टायरची बाजू फाडतं. गाडी चालवत नेऊ नका, मेकॅनिकला दारात बोलवा.

विट्याहून: एकच मोडली आहे. एकच बदलू?

दोन्ही बदला. डावी-उजवी जोडी एकाच ताकदीची लागते.

कवठेमहांकाळहून: ओळखीचा वेल्डर जोडून देतो म्हणतो.

कधीच नको. स्प्रिंगच्या पोलादाला दिलेलं पाणी वेल्डिंगच्या उष्णतेनं उतरतं, आणि जोडाच्या शेजारी ती पुन्हा मोडते.

विश्रामबागेतून: मी इंजिनिअर आहे. ऑनलाइन हजाराच्या आत स्प्रिंग कंप्रेसरची, म्हणजे स्प्रिंग दाबून धरणाऱ्या स्क्रूच्या शिकंज्यांची, जोडी मागवली. व्हिडिओत वीस मिनिटांत काम होतं. रविवारी करू का?

याचं उत्तर थोडक्यात देता येणार नाही. छोट्या गाडीच्या पुढच्या एका चाकावर अडीचशे-तीनशे किलो भार असतो. तो पेलणारी स्प्रिंग गाडी जॅकवर घेतली तरी पूर्ण सैल होत नाही. शॉकअपच्या, म्हणजे स्प्रिंगच्या मधोमध बसणाऱ्या धक्काशोषकाच्या, दांड्यावरचा नट तिला दाबून धरतो. तो नट सुटला की सगळा जोर क्षणात मोकळा होतो, आणि समोर बोटं असोत, जबडा असो की डोळा, त्यावर बसतो. व्हिडिओत हे दिसत नाही, कारण तिथं बहुधा अखंड स्प्रिंग असते आणि माणूस सराईत असतो. तुमची स्प्रिंग मोडलेली आहे. तिचे वेढे तिरके बसलेत, कंप्रेसरचा हूक गंजाच्या पोपड्यावरून घसरतो, आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आलटून-पालटून थोडेथोडे फिरवले नाहीत तर स्प्रिंग धनुष्यासारखी एका अंगाला वाकते. स्वस्त कंप्रेसर किती भाराचा, हे त्यावर पुष्कळदा लिहिलेलंही नसतं. वर घाईनं इम्पॅक्ट गन लावली की आटे गेलेच.

हात शिवशिवतच असतील तर अर्धं काम घरी करा. सिमेंटच्या कोब्यावर गाडी स्टँडवर घ्या. डिकीतला जॅक पंक्चरपुरता असतो आणि वीट भाराखाली फुटते. मागच्या चाकांना अडसर लावा. ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर आधी सोडवा, त्यांच्यावर वजन लटकू देऊ नका. खालच्या बोल्टांच्या जागेवर खुणा करा आणि शॉकअप स्प्रिंगसकट अख्खा उतरवा. दांड्यावरच्या नटाला हात नको. काही मॉडेलमध्ये शॉकअपचं वरचं माउंटिंगसुद्धा मधल्याच नटानं धरलेलं असतं, म्हणून सर्व्हिस मॅन्युअल बघा, आणि कुठला नट कुठला हे सांगता येत नसेल तर पाना लावूच नका. मग तो अख्खा शॉकअप घेऊन, जिथं स्प्रिंग दाबायचं प्रेस भिंतीला किंवा टेबलाला पक्कं बसवलंय अशा गॅरेजात जा. वरचं बेअरिंग आणि बंप स्टॉप (शॉकअप आपटू न देणारा रबर) तिथंच तपासून घ्या. मजुरीचे पैसे वाचवायला स्प्रिंग सोडवायचं काम घरी करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जतहून: अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात सांगतात, वेढ्यांत रबरी बफर बसवा, स्प्रिंग बदलावी लागणार नाही.

विकण्याची युक्ती आहे. बफर बसतो तिथले वेढे दबायचे थांबतात, त्यांचा भार उरलेल्यांवर जातो. मोडलेली किंवा बसलेली स्प्रिंग त्यानं बरी होत नाही. रबराखाली चिखल साचतो तो वेगळाच. आणि बिलावर ‘सस्पेन्शन दुरुस्ती’ लिहून देतात, याची मला फार चीड आहे.

सांगलीहून: 2019च्या महापुरात बुडालेली गाडी दुरुस्त करून स्वस्तात मिळतेय. स्प्रिंग बघून घेऊ का?

जरूर. स्प्रिंग टेकते त्या खालच्या बशीत गाळ बसून राहतो आणि रंग उडालेल्या जागी गंजाचे खड्डे पडतात. चीर तिथूनच सुरू होते. टॉर्च घेऊन खालून बघा. पण अशा गाडीत वायरिंग आणि एअरबॅगचा प्रश्न याहून मोठा आहे. तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय विसारही देऊ नका.

तासगावहून: बेदाण्याच्या पेट्या वाहणाऱ्या पिकअपचा मेन पाटा (पट्ट्यांच्या स्प्रिंगमधली मुख्य पट्टी) मोडला. तो घरी बदलता येईल?

पाटे एकत्र बांधणारा सेंटर बोल्ट सोडला की दाबलेले पाटे उसळतात, म्हणून पाटेवाल्याकडेच न्या. यू-बोल्ट नवे घाला आणि थोडी धाव झाल्यावर पुन्हा आवळून घ्या. कागदावरच्या वजनापेक्षा जास्त भरत असाल तर नवा पाटाही टिकणार नाही.

पलूसहून: नव्या स्प्रिंगनंतर गाडी किंचित उंच दिसते आणि डावीकडे ओढते.

उंची थोडी बसेल. ओढणं आपोआप जाणार नाही. व्हील अलाइनमेंट लगेच करा. ज्यांनी काम केलं त्यांना विचारा, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांडीचे) रबरी बुशवाले बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळले की हवेत असतानाच? हवेत आवळले असतील तर सैल करून पुन्हा आवळून घ्या, नाहीतर बुश पिळून लवकर फाटतात.