कॅप्सूल एंडोस्कोपीची कॅप्सूल पोटात अडकली तर काय होतं?

तुम्ही लिहिलंय की आईचं हिमोग्लोबिन सारखं उतरतं, तोंडातून आणि खालून दोन्हीकडून दुर्बीण झाली तरी रक्त कुठून जातं ते सापडलं नाही, आता कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला सांगितलीय आणि ती आतच राहिली तर काय ही धास्ती आहे. भाऊ, मी डॉक्टर नाही, जळगावला एंडोस्कोपी रूममध्ये टेक्निशियन आहे, पण हे काम डोळ्यासमोर चालतं म्हणून सांगतो.

अडकते, पण शंभरात एखाद-दोन जणांची. क्रोन्स, म्हणजे आतड्याला सतत सूज राहणारा जुनाट आजार, आधीच माहीत असेल तर प्रमाण बरंच जास्त. कॅप्सूल साधारण २६ मिमी लांब आणि ११ मिमी जाड असते, धड आतड्यातून ती आरामात सरकते. अडते ती आतडं आधीच कुठेतरी अरुंद झालेलं असतं तिथे, म्हणजे आतड्याचा टीबी, क्रोन्स, गाठ, पोटावर रेडिएशन, जुनं ऑपरेशन, नाहीतर पेनकिलर.

पेनकिलरचं आपल्याकडे कोणी धरतच नाही. कापूस वेचून, केळीच्या बागेत राबून गुडघे गेलेल्या आज्या येतात, काही गोळ्या चालू आहेत का विचारलं की नाही म्हणतात, आणि मग पिशवीतून बीपीच्या कागदासोबत डायक्लोफेनॅकची अर्धी स्ट्रिप निघते. वर म्हणतात, "ती काय दवाई शे का, ती त गुडघानी गोळी शे!" वर्षानुवर्षं ह्या गोळ्या खाल्ल्या की काहींच्या लहान आतड्यात आडवे पातळ पडदे तयार होतात, मधे जेमतेम बारीक भोक, आणि हे पडदे सीटीतही बऱ्याचदा दिसत नाहीत, कॅप्सूल मात्र बरोबर तिथेच जाऊन बसते. त्यामुळे आईला नीट खोदून विचारा, मेडिकलवरून कोणती गोळी आणते, लहानपणी टीबीचा कोर्स झाला होता का, जेवल्यावर पोट फुगून कळ येते का. शंका असली तर डॉक्टर आधी सीटी एंटरोग्राफी, म्हणजे लहान आतड्याचा खास सीटी स्कॅन करतात. आधी गिळून बघायची विरघळणारी डमी कॅप्सूलपण असते, पण ती आपल्याकडे सहजासहजी मिळत नाही.

आता समजा अडकलीच, तर बहुतेकांना कळतही नाही, दुखत नाही, माणूस शेतात कामाला जातो. दोन आठवडे झाले तरी बाहेर पडली नाही तर ती अडकली असं धरतात. पोटाचा साधा एक्सरे काढला की आतले बॅटरीचे गोल सेल स्पष्ट दिसतात. सूज असेल तर औषधांनी सूज उतरून कधी आपोआप निघते, नाहीतर फुग्याच्या लांब दुर्बिणीने काढतात, त्यानेही नाही झालं तर ऑपरेशन, पण त्यात तो अरुंद भागही निघतो जो बऱ्याचदा रक्त जाण्याचं कारण असतो. आतडं पूर्ण बंद होणं किंवा फाटणं फार विरळ, तरी पोट जोरात दुखलं, फुगलं, उलट्या लागल्या तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

बॅटरी ८ ते १२ तास चालते. काही शुगरवाल्यांचं जठर संथ असतं, कधी कॅप्सूल मोठ्या आतड्यात पोचायच्या आधीच बॅटरी संपते, रिपोर्टवर तपासणी अपूर्ण असं येतं आणि घरचे अडकली अडकली म्हणून घाबरतात, ते वेगळं प्रकरण आहे. पाणी पिताना आईला ठसका लागत असेल तर तेही आधीच सांगा, क्वचित ती श्वासनळीत जाते, अशांना दुर्बिणीने थेट आत सोडता येते.

आणि कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय कुठलाच नाही, कमरेचाही नाही, हे घरात सगळ्यांना माहीत पाहिजे. संडासात ती दिसली तर फ्लश करा, परत द्यायची नसते, आमच्याकडे एक काका धुवून डबीत घालून घेऊन आले होते. दिसली नाही तर पंधरा दिवसांनी एक्सरे काढून डॉक्टरांना दाखवा.