पाळीच्या कामात उतरताना: नव्या कार्यकर्तीला पत्र

प्रिय तरुण कार्यकर्तीस,

पाळीच्या दिवसांत सामानाअभावी कुणा मुलीची अडचण होऊ नये आणि कुणाला लाजही वाटू नये, यासाठी संस्था काढायची आहे, सुरुवात कुठून करू, असं तू विचारलं आहेस. आकडेमोडीपासून कर.

रक्तस्राव साधारण २ ते ७ दिवस चालतो. पॅड दर ४ ते ६ तासांनी बदलावं लागतं. दिवसाला ४ धरली तरी ५ दिवसांना २० पॅड होतात, त्यातली ५ रात्रीसाठी लांब हवीत. ८ पॅडचं एक पाकीट हातात दिलं तर मुलगी काटकसर करते. एकच पॅड दिवसभर ठेवते, मांड्या सोलवटतात, खाज सुटते. मग हीच मुलगी ‘अस्वच्छ’ ठरते, हे मला फार लागतं.

दुसरी गफलत वर्षाच्या हिशेबात होते. चक्र २८ दिवसांचं धरलं तर वर्षात पाळ्या १३ येतात, १२ नव्हे. १०० मुलींना २० गुणिले १३ म्हणजे २६,००० पॅड लागतील. वर १० टक्के शिल्लक ठेव. चक्र २१ ते ३५ दिवसांचं असू शकतं, किशोरवयात ४५ दिवसांपर्यंतही लांबतं. म्हणून महिन्याच्या ठरावीक तारखेला वाटप करून भागत नाही. प्रत्येकीकडे एका पाळीपुरतं सामान आधीच पोचलेलं असावं.

खरेदीच्या यादीत हमखास राहून जाणारी वस्तू म्हणजे चड्डी. पॅड चिकटवायला तीच नसेल तर पाकीट घरात पडून राहतं. मापं विचारून प्रत्येकीला निदान ३ दे.

धुऊन वापरायच्या कापडी पॅडचा मोह लवकर पडतो, कारण खर्च एकदाच होतो. पण ती एकीला ६ ते ८ तरी लागतात: काही वापरात, काही धुण्यात, काही वाळत. आधी गार पाण्यात भिजवायची. गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं घट्ट बसतात आणि डाग पक्का होतो. मग साबण, भरपूर पाणी आणि कडक ऊन. कपडे मऊ करणारं द्रावण वापरायचं नाही, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. हे सगळं शिकवूनही योजना फसते ती वाळत घालण्यापाशी. कुणी पाहील या भीतीने पॅड दुसऱ्या कपड्याखाली, अंधाऱ्या कोपऱ्यात वाळवलं जातं. ते ओलसर राहतं, वास येतो, त्वचेला त्रास होतो. दोष कापडाचा नसतो, लपवाछपवीचा असतो. उन्हातली दोरी मोकळेपणाने वापरता येत नसेल, तिथे कापडी पॅड लादू नकोस.

योनीत बसवून रक्त गोळा करणाऱ्या मासिक पाळीच्या कपचंही तसंच. वैद्यकीय दर्जाचा सिलिकॉनचा कप वर्षानुवर्षं टिकतो, १२ तासांपर्यंत आत राहू शकतो. पण हात धुवायला पाणी, बंद होणारं दार आणि दोन पाळ्यांच्या मध्ये कप उकळायला भांडं लागतं. तांबी (गर्भनिरोधक कॉपर-टी) बसवलेल्या स्त्रीने आधी डॉक्टरांना विचारावं, कप ओढताना तांबी सरकू शकते. टॅम्पॉन, म्हणजे योनीत ठेवायची शोषक गुंडाळी, देत असशील तर ८ तासांची मर्यादा प्रत्येकीला तोंडी सांग. अचानक ताप, उलट्या, पुरळ, चक्कर असं काही झालं तर टॅम्पॉन काढून तातडीने दवाखाना गाठायचा. जिवाणूंच्या विषामुळे होणारा हा ‘विषारी धक्का’ (टॉक्सिक शॉक सिंड्रोम) क्वचित बसतो, पण जिवावर बेततो.

निवड मुलीची असावी. स्कॉटलंडने २०२० साली हे सामान मोफत देण्याचा कायदा केला. त्यात ते सहज मिळावं, मान राखून मिळावं आणि निवडीला वाव असावा, अशा तिन्ही गोष्टी घातल्या आहेत. तुझ्या वाटपाला याच तीन कसोट्या लाव. वर्गात नावं पुकारून रांग लावणं, पाकिटासह फोटो काढणं, गरज सिद्ध करायला लावणं, कपाटाची किल्ली एकाच शिक्षकाकडे ठेवणं, यांतलं काहीही केलंस तर जी लाज घालवायला निघालीस तीच वाढेल. स्वच्छतागृहात, हाताला येईल असा पॅडचा उघडा डबा ठेव. पहिल्या आठवड्यात तो भराभर रिकामा होईल. घाबरून कुलूप लावू नकोस. उद्या मिळेल याची खात्री पटली की साठवण थांबते. दोनदा डबा रिकामा दिसला, तर मात्र मुली पुन्हा तिकडे फिरकणार नाहीत.

झाकणाची कचरापेटी शौचालयाच्या आतच हवी. बाहेर ठेवली तर पॅड भांड्यात जातं, पाण्याने फुगतं आणि नळी तुंबते. उघड्यावर जाळणंही नको. पॅडमधल्या प्लॅस्टिकचा धूर होतो. पेटी रोज कोण रिकामी करणार, त्या व्यक्तीला हातमोजे आणि योग्य मोबदला कोण देणार, हे पेटी बसवण्याआधी ठरव.

बोलण्यासाठी २०–२५ जणींचा गट पुरे. प्रत्येकीला चिठ्ठी दे आणि प्रश्न नसला तरी कोरी टाकायला सांग, म्हणजे लिहिणारी ओळखू येत नाही. पॅडची शोषणक्षमता दाखवताना लाल पाणी घे, निळं नको. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर तो अतिस्राव. घरी मोजमाप कुणी करत नाही, म्हणून खुणा सांग: तासा-दोन तासांनी पॅड भिजणं, अडीच सेंटिमीटरहून मोठ्या गाठी, ७ दिवसांपेक्षा जास्त स्राव. अशा मुलीला डॉक्टरांकडे पाठव, रक्तक्षयाची तपासणी होऊ दे. मुलग्यांनाही हीच माहिती दे, हातात पॅड देऊन. चिडवणं अज्ञानावरच पोसतं.

२८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन २०१४ पासून पाळला जातो. त्या दिवशी देणग्या येतील. त्यांतून पुढच्या सहा महिन्यांचा साठा घे, फलक छापू नकोस. खोकी जमिनीपासून उंच, भिंतीपासून दूर ठेव. ओल लागलेलं पाकीट देऊ नये. देणगीदारांना किती पाकिटं वाटली हे सांगशीलच, पण दर तीन महिन्यांनी मुलींना निनावी चिठ्ठीवर विचार: गेल्या पाळीत सामान कमी पडलं का? मागायला संकोच वाटला का? हजेरी वाढल्याचं श्रेय मात्र लगेच घेऊ नकोस, तिला इतर कारणंही असतात.

पहिल्या खरेदीची यादी झाली की पाठव. चड्ड्यांची मापं त्यात आहेत ना, हे आधी पाहू.

तुझी,
याच कामातली एक सहकारी