ब्लास्टिंगला साधा मास्क चालतो का?

प्रश्न: नमस्कार, माझा भाऊ सँडब्लास्टिंगच्या (हवेच्या दाबाने वाळू मारून पृष्ठभाग साफ करायच्या) कामाला लागलाय, तोंडाला रुमाल नाहीतर कागदी मास्क आणि वर गॉगल, म्हणतो एवढं बास झालं. खरंच पुरतं का हे?

उत्तर: नाही हो, अजिबात नाही. वाळू आपटून फुटली की इतकी बारीक सिलिका, म्हणजे वाळूतल्या खनिजाची धूळ, उडते की ती डोळ्याला दिसत पण नाही आणि थेट फुफ्फुसात जाऊन बसते, त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुफ्फुसाचा आजार बरा होत नाही, म्हणून तर अमेरिकेतल्या निऑश या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने 1974 मध्येच ब्लास्टिंगला सिलिका वाळू नको असं सांगितलं होतं. त्याला नळीतून स्वच्छ हवा येणारं, खांद्यापर्यंत झालर असलेलं ब्लास्टिंग हेल्मेटच पाहिजे. आणि ती हवा ऑइलवाल्या कंप्रेसरची (हवा दाबून पुरवणाऱ्या मशीनची) असेल तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी गॅसचा अलार्म हवाच, साधा फिल्टर तो गॅस अडवत नाही. आवाज बऱ्याचदा 100 डेसिबलच्या वर जातो, तेव्हा हेल्मेटच्या आत इअरप्लग घालायला सांगा. लेदरचे लांब ग्लोव्हज, एप्रन, सेफ्टी शूज तर हवेतच. नोझल (वाळू सोडणारं नळीचं तोंड) बंद केल्या केल्या हेल्मेट काढू नये, धूळ बराच वेळ हवेत तरंगत असते, आणि ते कपडे झटकायचे नाहीत, घरीही आणायचे नाहीत.