माझी माझदा मिआटा ही छोटी स्पोर्ट्‌स कार २५ मिमी खाली आणायची आहे, पण राइड आरामदायी राहायला हवी. कोणत्या स्प्रिंग घेऊ?

स्प्रिंगचं नंतर बघू. आधी शॉकच्या (स्प्रिंगचे हेलकावे शमवणाऱ्या नळकांड्याच्या) दांड्यावर एक झिप टाय, म्हणजे प्लॅस्टिकची बांधायची पट्टी, आवळा, खाली शॉकच्या तोंडाशी सरकवून ठेवा आणि रोजच्या रस्त्यावरून गाडी फिरवून आणा. परत आल्यावर टाय वर बंप स्टॉपला (शॉक पूर्ण दबला की ज्यावर आपटतो त्या फोमच्या तुकड्याला) जाऊन चिकटलेला दिसला, तर जगातली कुठलीही स्प्रिंग तुम्हाला आराम देणार नाही.

मला हे कळायला दोन वर्षं गेली, आणि त्याची किंमत माझ्या आईने मोजली.

माझी मिआटा २००१ ची. मी डेट्रॉइटजवळ राहतो. इथे थंडीत फटींत पाणी शिरतं, गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं आणि मार्चपर्यंत रस्त्याची चाळण होते. अशा रस्त्यांवर मी गाडी ३५ मिमी खाली बसवली. नव्या आखूड स्प्रिंग, शॉक मात्र जुनेच. एका गॅरेजने दुपारभरात काम करून दिलं. दिसायला गाडी देखणी झाली, मी पार्किंगमध्ये वळून वळून बघायचो.

मे महिन्यात आई साताऱ्याहून आली. तिला मोठ्या हौसेने शेजारी बसवून हायवेवर नेलं. काँक्रीटच्या प्रत्येक जोडावर धप्प, धप्प. मग एक खड्डा आला. तिने दाराचं हँडल घट्ट धरलं आणि म्हणाली, "बाळा, थांबव जरा." चार दिवस ती आडवी होती. एका शब्दाने बोलली नाही, पण परत जाईपर्यंत त्या गाडीत बसली नाही.

माझा जुना रूममेट, सांगलीचा, गाड्यांतला जाणकार म्हणून सगळे त्याला विचारायचे. तो म्हणाला, "स्पोर्ट्‌स कार आहे, कंबर धरणारच. आराम हवा तर कॅमरी घे." मी ते खरं मानलं. आजही याचाच राग येतो.

दोन वर्षांनी स्वतः गाडीखाली शिरलो. शॉकवरचं रबरी आवरण वर सरकवलं तर बंप स्टॉपचा फोम हातात भुगा होऊन आला. गाडी नुसती उभी असताना शॉक आणि स्टॉप यांच्यात १२ मिमी जागा होती. म्हणजे मी स्प्रिंगवर चालतच नव्हतो, दर खड्ड्याला फोमवर आपटत होतो. गाडी खाली आली की चाकाला वर जायला उरलेली जागाच कमी होते, दणका बसतो तो तिथे. म्हणून खाली बसवलेल्या गाडीला मऊ स्प्रिंग घालणं साफ चूक आहे. थोडी कडक स्प्रिंग गाडीला स्टॉपपासून दूर ठेवते आणि अंगाला जास्त मऊ लागते. उलटं वाटतं, पण असंच आहे.

दुसरी गोष्ट बुशची, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत बसवलेल्या रबरांची. गॅरेजने विशबोनचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना आवळले होते. या गाडीचे रबरी बुश फिरत नाहीत, पिळले जातात. जमिनीवर उतरल्यावर ते कायमचे पिळलेले राहतात आणि स्वतःच स्प्रिंगसारखे ताठ होतात. मी चाकांखाली फळ्या ठेवल्या, सगळे बोल्ट ढिले केले, गाडी चारदा दाबून सोडली आणि वजन चाकांवर असतानाच आवळले. मागचा खालचा लांब बोल्ट मिठाने असा धरला होता की कापावा लागला. एवढ्या एका कामानेच कितीतरी फरक पडला.

मग कोनी कंपनीचे पिवळे शॉक आणि आखूड बंप स्टॉप घातले, उंची मूळपेक्षा फक्त २० मिमी कमी ठेवली. १७ इंची रिम काढून १५ इंची, १९५/५० टायर. टायरची भिंत १५ मिमीने वाढली, म्हणजे दणका झेलायला तेवढं जास्त रबर मिळालं.

आता तुमच्या स्प्रिंग. ब्रँड मी सांगणार नाही. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद हलेल अशी जोडी घ्या. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो. मागची बाजू उशिरा उसळते, पण जलद असली तर पुढचीला गाठते आणि गाडी डुलत राहत नाही. मॉरिस ओली रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्सला आला आणि १९३० च्या दशकात त्याने हे इथेच, डेट्रॉइटमध्ये मांडलं. विक्रेत्याला पुढची-मागची फ्रिक्वेन्सी, म्हणजे प्रत्येक बाजू सेकंदाला किती वेळा वर-खाली होते ते, विचारा. सांगता आली नाही तर दुसरीकडे जा.

कोनीचा स्क्रू फक्त रिबाउंड बदलतो, म्हणजे दबलेला शॉक परत लांब होताना होणारा विरोध. तो पूर्ण आवळू नका, लागोपाठच्या खड्ड्यांत चाक खाली परत येत नाही आणि गाडी आणखी बसत जाते. काम झाल्यावर अलाइनमेंट करा, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या, नाहीतर टायर आतून झिजतात. विमा कंपनीला कळवा. माझे आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमच्या गाडीत मोजून बघा. आणि २५ ऐवजी २० चा विचार करा.

गेल्या उन्हाळ्यात आई पुन्हा आली. ॲन आर्बरपर्यंत जाऊन आलो, त्याच गाडीतून, त्याच जोडांवरून. येताना तिला डुलकी लागली.

सांगलीकर मित्रा, हे वाचत असशील तर तुझी गाडी घेऊन ये. झिप टाय माझ्याकडे आहेत.